पाहुणे यायच्या आधी बाथरूम घासताय? या चुका टाळा

गौरी-गणपतीला नणंदेचं कुटुंब आमच्याकडे, सांगलीला विश्रामबागेत मुक्कामाला येतं. त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावरचं बाथरूम मी आदल्या दिवशी घासून ठेवते. एका वर्षी फरशी लख्ख होती, आरसा लख्ख होता, तरी दार उघडलं की गटारीचा वास यायचा. फिनेल ओतलं, डांबराच्या गोळ्या टाकल्या. तासाभरात वास परत हजर. नणंद काही बोलली नाही, पण अंघोळीला खाली यायला लागली. ते मला फार लागलं.

घाण कुठेच नव्हती. मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो आणि त्यात दोन इंचांच्या आसपास पाणी कायम साठून राहतं. गटारीतली हवा घरात शिरू न देणारं झाकण म्हणजे हेच पाणी. आमचं वरचं बाथरूम महिनोन्महिने बंद असतं, त्यामुळे ते वाळून गेलं होतं. दोन तांबे पाणी ओतलं आणि थोड्या वेळात वास गेला. आता दर आठवड्याला मोरीत आणि बेसिनमध्ये पाणी सोडते, कमोड एकदा फ्लश करते. गावाला जायचं असेल तर ट्रॅपमध्ये वरून चमचाभर तेल टाकते, म्हणजे पाणी लवकर उडत नाही.

याच जागी आणखी एक चूक बऱ्याच घरांत दिसते. पाणी हळू उतरतं म्हणून जाळीखालची वाटी काढतात आणि ती परत बसवतच नाहीत. पाणी भराभर जातं, पण वास आणि झुरळांना वाट मोकळी होते. वाटी काढा, केस आणि साबणाचा गाळ उपसा, वाटी धुऊन पुन्हा बसवा.

दुसरी मोठी चूक ॲसिडची. बोअरचं पाणी जड असलं की तोट्यांवर, शॉवरवर पांढरा थर चढतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे हे क्षार साबणाने हटत नाहीत, म्हणून लोक थेट ॲसिडची बाटली उचलतात. जुन्या घरांतल्या मोरीत शहाबादी किंवा कडप्पा असतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड पडलं की फेस येतो, तो मळ निघाल्याचा वाटतो, पण विरघळत असतो तो दगडच. फरशी खरबरीत होते आणि पुढे जास्तच मळ धरते. तिला साबणाची पावडर आणि ताठ ब्रश पुरेसा आहे. तोटीसाठी कोमट पाण्यात चमचाभर लिंबूफूल विरघळवा, फडकं त्यात भिजवून अर्धा तास तोटीला गुंडाळा, मग पुसून धुऊन टाका. शहाबादीवर मात्र लिंबूफुलाचं पाणीही सांडू देऊ नका.

आणि हे कळकळीने सांगते: कमोडचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका, एकामागोमाग एकसुद्धा नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो. दार लावून घासणाऱ्या बाईचा बंद बाथरूममध्ये जीव गुदमरतो.

दिवाळीचं गणित वेगळं. चार-पाच जणांचं अभ्यंगस्नान झालं की तेल आणि उटणं मोरीत जातं. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे गार पहाटे ते उटण्याबरोबर जाळीत घट्ट बसतं. प्रत्येकाच्या अंघोळीनंतर गरम पाण्याची बादली फिरवा आणि फरशीला साबण लावून घ्या. तेलकट फरशीवर म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरला तर सणाचं घर दवाखान्यात जातं.

बाकी गोष्टी लहान आहेत, पण पाहुण्याला नेमक्या त्याच मागायला संकोच वाटतो. आत जाऊन दार लावा आणि बघा: चष्मा कुठे ठेवाल? कोरडे कपडे कुठे टांगाल? आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच खुंटी होती, तिच्यावर आमचाच टॉवेल. आता पाहुण्यांसाठी दोन खुंट्या रिकाम्या असतात, साबणाची नवी वडी असते आणि झाकणाचा कचऱ्याचा डबा असतो. डब्याशेजारी जुने वर्तमानपत्र ठेवते. पॅड कुठे टाकायचं हे कोणत्याही मुलीला विचारावं लागू नये. पायपुसणं मात्र रोज उन्हात घालते. ओलं राहिलं की कुबट वास तिथूनच सुटतो.

गिझरचं बटण कुठलं, गरम पाण्याची तोटी कुठली, हे पाहुणे आल्या आल्या दाखवा. गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला हवा. आत बसवला असेल तर पाहुण्यांना तो लावूच देऊ नका. थंडी वाजते म्हणून माणूस खिडकी बंद करतो, आणि गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास असतो ना रंग. आमच्याकडे अशा वेळी पाणी चुलीवर तापवून बादलीने आत नेऊन देतो.