अपघाताची भरपाई: सहा महिन्यांची मुदत कशी हुकते?

अपघातानंतर लोक आमच्या ऑफिसात येतात ते प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिलं आणि मध्येच कुठेतरी चुरगळलेली एफआयआरची झेरॉक्स. मी आधी ती झेरॉक्स शोधतो आणि तिच्यावरची अपघाताची तारीख बघतो. बाकीच्या कागदांचं नंतर बघता येतं.

कारण मोटार वाहन कायद्याचं कलम १६६(३). अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे बोलीभाषेतल्या ट्रिब्युनलमध्ये, भरपाईचा अर्ज पडला पाहिजे.

“अशा दाव्याला मुदत नसते हो”

हे सांगणारा कुणीतरी प्रत्येक घरात भेटतो, आणि तो खोटं बोलत नसतो. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढून टाकली होती, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं लोकांनी दोन-तीन वर्षांनीही दावे लावले. २०१९ च्या दुरुस्तीने अट परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. ऐकीव माहिती मात्र जुनीच फिरते आहे.

आता नव्या आवृत्तीतली ऐकीव माहितीही आली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि केवळ सहा महिने उलटले म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. ज्यांना उशीर झालाय त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. पण आदेश अंतरिम आहे. ज्याच्या हातात अजून चार महिने आहेत, त्याने त्याच्या भरवशावर बसू नये.

दिवस कुठून मोजायचे

घरी सोडलं त्या दिवसापासून नाही, पायातली प्लेट काढली तेव्हापासून नाही, पोलिसांनी दोषारोपपत्र पाठवलं तेव्हापासूनही नाही. अपघाताच्या तारखेपासून. फौजदारी केसचा निकाल लागू दे, मग भरपाईचं बघू, ही तर सगळ्यात महागात पडणारी समजूत. ती केस वर्षानुवर्षं चालते आणि दावा तिच्यासाठी अडून राहत नाही. तिथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, ट्रिब्युनल मात्र शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते बघतं.

महिने कॅलेंडरचे धरतात. १२ मार्चला अपघात झाला तर शेवटचा दिवस १२ सप्टेंबर. काही जण १८० दिवस मोजून ८ सप्टेंबर काढतात. ही चूक सुरक्षित बाजूची आहे, खुशाल करा.

“सगळे कागद आले की लावू”

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त दिवस यातच जातात. अपंगत्वाचा दाखला जखम भरून स्थिती स्थिर झाल्यावरच मिळतो. कधी त्यालाच सहा महिने लागतात. त्याच्यासाठी दावा थांबवायचा नसतो. दाखला पुराव्याच्या वेळी देता येतो, पुढच्या ऑपरेशनची बिलंही. दाव्यात रक्कम कमी लिहिली गेली तर हात बांधले जातील ही भीतीही नको: न्याय्य भरपाई मागणीपेक्षा जास्त निघत असेल तर ट्रिब्युनल ती देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय.

एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याचे असतील ते कागद, ओळखपत्र, धडक देणाऱ्या गाडीचा नंबर आणि तिच्या विम्याचा तपशील. एवढ्यावर सुरुवात होते.

पोलीस आणि विमा कंपनी

नियमाप्रमाणे पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलला द्यायचा असतो. ट्रिब्युनलला आलेला पोलिसांचा अहवाल हाच भरपाईचा अर्ज मानायची तरतूदही कायद्यात आहे. तरतूद चांगली आहे, पण अहवाल खरंच गेला का, हे तपास अधिकाऱ्याला जाऊन विचारा आणि नोंदीचा क्रमांक घ्या. नसेल गेला तर स्वतःचा अर्ज टाका.

आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम मंजूर झाला म्हणजे शरीराच्या इजेचा दावा लागला, असंही नाही. ती दोन वेगळी प्रकरणं आहेत. समोरच्या गाडीच्या विमा कंपनीशी तडजोडीची बोलणी चालू असली तरी मुदत आपली चालूच राहते.

अपघात लांबच्या जिल्ह्यात झाला म्हणून अंग काढून घेणारेही आहेत. राहत्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणच्या ट्रिब्युनलमध्येही दावा लावता येतो.

मुदत गेलीच असेल तर

घरी बसू नका. आधी पोलिसांचा अहवाल वेळेत ट्रिब्युनलला पोहोचला होता का ते शोधा. पोहोचला असेल तर बाजू बरीच सावरते. नाहीतर दाव्याबरोबर विलंब माफीचा अर्ज द्या. “आजारी होतो” एवढं पुरत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ॲडमिट, मग किती दिवस अंथरुणावर, कागद मागितले कधी, मिळाले कधी, हे पुराव्यासकट लिहा. सध्याच्या कलमात विलंब माफीचा उल्लेख नाही, त्यामुळे वाद होणारच. पण अर्जच केला नाही तर वाद घालायलाही जागा उरत नाही.

आणि दवाखान्यात दाखल करतानाचा केसपेपर आजच वाचून घ्या. आणणाऱ्याने घाबऱ्याघुबऱ्या “गाडीवरून पडले” एवढंच सांगितलेलं असतं. कारने धडक दिल्याचा त्यात शब्दही नसतो. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत नेमकी तीच ओळ वाचून दाखवतो. पहिल्या आठवड्यात हे लक्षात आलं, तर पोलीस जबाबात खुलासा करता येतो, साक्षीदारही सापडतो. सहाव्या महिन्यात लक्षात आलं, तर तो साक्षीदार कुठे शोधणार?