आधी दिवा, मग कासव

कोणतं कासव पाळायचं, हे आधी ठरवा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव 'वास्तूला चांगलं' म्हणून कुणी कितीही गळ घातली तरी नको. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे ते, सापडलात तर तीन ते सात वर्षं आत. लाल कानपट्टीचं हिरवं पिल्लू म्हणजे स्लायडर. ते पाण्यातलं, मोठं होऊन ताटलीएवढं होतं, त्याला फिल्टरची टाकी लागते. कंटाळा आला म्हणून गावच्या तळ्यात सोडू नका, तिथल्या देशी कासवांच्या तोंडचं खातं. जमिनीवरचंच हवं असेल तर लाल पायांचं किंवा सुलकाटा, दोन्ही परदेशी, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करून. लाल पायांच्याला दमट हवा लागते, थोडी फळं चालतात. सुलकाटाला फळं नकोत. आणि तळहातावर मावणारं ते पिल्लू पुढे चाळीस-पन्नास किलोचं होतं, जमीन उकरतं, आपल्या मागेही जगतं. फ्लॅटवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

मी वाचलं नव्हतं. सुलकाटा आणलं, नाव ठेवलं ढेकूळ.

आता दिवा. यूव्हीबीची, म्हणजे उन्हात असतात तसले न दिसणारे अतिनील किरण देणारी ट्यूब. पिवळा बल्ब नव्हे, तो नुसती ऊब देतो. तोही हवाच, पण ट्यूब वेगळी. यूव्हीबी अंगावर पडलं की कातडीत ड-३ जीवनसत्त्व बनतं, ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात जातं. मी ढेकूळची पेटी खिडकीशी ठेवली होती, काच बंद. सकाळी चार तास झकास ऊन. आई म्हणायची, "काच उघड की जरा, कोंडलंय ते." मी म्हणायचो, वारा लागेल. खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते, हे मला डॉक्टरांनी सांगितलं, तोवर पाच महिने गेले होते. त्यांनी माझा अंगठा धरून कवचाच्या कडेवर ठेवला. ओल्या पुठ्ठ्यासारखं दबलं ते. ढेकूळ वाचलं, पण पाठ अजून वेडीवाकडी आहे.

तर ट्यूब. पेटीच्या आत, मध्ये काच नाही, प्लास्टिक नाही, बारीक जाळीसुद्धा नको. किती उंचीवर लावायची ते खोक्यावर असतं, वाचा. दिवसा दहा-बारा तास. वर्षाने बदला, छान उजेड देत असली तरी, कारण उजेड राहतो आणि यूव्हीबी संपतं. बसवल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहा. "आमच्याकडे भरपूर ऊन येतं" हे मला सांगू नका. काच उघडी आहे का ते सांगा.

खाणं सोपं आहे. सुलकाटा म्हणजे गवत खाणारं जनावर: हराळी, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेला फड्या निवडुंग. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. पोळी, दूधभात, कुत्र्याचं खाणं अजिबात नाही. शेजारच्या काकूंनाही बजावून ठेवा. वर चिमूटभर कॅल्शियम पावडर. पण दिवा नसेल तर ती पावडर खाल्ली काय न खाल्ली काय. मी रोज घालत होतो.

पिल्लाला कोमट, हनुवटीखाली राहील एवढ्याच पाण्यात पंधरा मिनिटं बसवायचं. पेटीत ओल हवी, कोरड्यात वाढलं तर पाठीवर टेकाडं येतात. एक कोपरा पस्तीस अंशांच्या वर, दुसरा गार. डिसेंबरात गप्प बसलं तर 'झोपलंय' म्हणू नका, सुलकाटा शीतनिद्रा घेत नाही, त्याला थंडी वाजतेय.

सरपटणाऱ्यांचा डॉक्टर आधी शोधा. हात धुवा. दर आठवड्याला वजन. जोडीला दुसरं आणू नका, भांडतात. रिकामी पेटी दोन दिवस दिव्यासकट चालवून बघा, मग पिल्लू आणायला निघा. ट्यूब नंतर घेऊ म्हणाल तर पिल्लूही नंतरच घ्या.