गाय सारखी उलटतेय? भरवताना होणाऱ्या या चुका टाळा

"तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली, आता काय करू?" हा फोन मला आठवड्यातनं दोन-तीन वेळा येतोच येतो. भरवणं म्हणजे माजावरच्या गायीत वळूचं वीर्य सोडणं, आणि उलटणं म्हणजे गाभण न राहता गाय परत माजावर येणं. मी फलटण-माळशिरस पट्ट्यात गेली पंधरा वर्षं गोठ्यावर जाऊन कृत्रिम रेतन करतोय. आमच्याकडं एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गायी जास्त, मग म्हशी आणि थोड्या खिलार. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय, उलटणाऱ्या बऱ्याच गायींना आजार असा काहीच नसतो, वेळ चुकलेली असते आणि तारीख कुठंच लिहिलेली नसते. तरीबी आपण आधी कांडीला (गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळीला) नावं ठेवतो, मग डॉक्टरला, आणि शेवटी गाय बाजारात नेतो.

आधी हिशोब बघा. गाय गाभण राहते साधारण २८० दिवस. वर्षाला एक वेत पाहिजे असेल तर व्याल्यापासनं ८५ दिवसांच्या आत ती गाभण राहायला पाहिजे, आणि व्याल्यावर पहिले ६० दिवस तर पिशवी (गर्भाशय) मूळ जागेवर यायलाच द्यायचे असतात. म्हणजे हातात राहिले किती, २५ दिवस, आणि माज येतो दर २१ दिवसांनी. एकच माज! तेरा महिन्यांचं वेत धरलं तरी दोनच माज मिळतात. एक माज हुकला की २१ दिवसांचा चारा, पेंड, मजुरी सगळं अंगावर.

माज एकाला दिसतो, फोन दुसरा करतो

ही चूक मी पहिली सांगतो कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हिच्यामुळंच होतं. पहाटे धार काढायला गोठ्यात कोण असतं? घरातली बाई. गाय हंबरतेय, दूध एकदम कमी दिलंय, शेपटी वर धरतेय, खाली सोट (माजाचा चिकट स्राव) लोंबतोय हे सगळं तिला पाच-साडेपाचलाच दिसलेलं असतं. पण डॉक्टरचा नंबर मालकाच्या फोनमध्ये, मालक दूध घालायला डेअरीवर, तिथनं तालुक्याला, आणि मला फोन येतो दुसऱ्या दिवशी दुपारी, "आज सकाळीच माजावर आलीय." मी गेल्यावर बघतो तर सोट घट्ट, पांढरट झालेला, शेपटीच्या मुळाशी वाळून पापडी धरलेली, गाय निवांत रवंथ करत बसलेली. माज कालच होता, निघून गेला. तिथं कांडी भरली काय आणि नाही भरली काय, पैसे तेवढे जातात.

एका गोठ्यावर मी वहिनींनाच विचारलं तर त्या म्हणल्या, "कालच्या धारेलाच दिसलं होतं मला, पण म्हणलं हे सांगतील." त्या दिवशी माझा नंबर खडूनं गोठ्याच्या भिंतीवर लिहून आलो आणि सांगितलं, वहिनी, दिसलं की तुम्हीच फोन करायचा, कुणाची वाट बघायची नाही. तेव्हापासनं त्या गोठ्यातनं फोन वेळेवर येतो. तुमच्याबी घरात धार काढणाऱ्या माणसाकडंच डॉक्टरचा नंबर ठेवा, बाकीचे उपाय मग बघू.

वेळेचा नियम सोपा आहे, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण गायीचा माज टिकतो १२ ते १८ तास आणि स्त्रीबीज सुटतं माज संपल्यावर १० ते १२ तासांनी. लवकर भरवलं तर बीज सुटेपर्यंत शुक्राणू दमतात, उशीर केला तर बीजच म्हातारं होतं. सोट काचेसारखा स्वच्छ, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, तुटत नाही असा लोंबत असला म्हणजे वेळ बरोबर चाललीय. आणि खरी खूण म्हणजे दुसरी गाय अंगावर चढली तरी ही हलत नाही, शांत उभी राहते. दावणीला चोवीस तास बांधलेल्या गायीत ही खूण दिसणार कशी? म्हणून सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास तरी जनावरं मोकळी सोडा आणि तिथं थांबून बघा, नुसतं सोडून चहाला जाऊ नका.

रक्त दिसलं म्हणजे उलटली?

नाही. माज संपल्यावर एक ते तीन दिवसांत काही गायींना, आणि कालवडींना तर बऱ्याचदा, निरणातनं (योनीच्या तोंडातनं) थोडं रक्त दिसतं. ते फक्त एवढंच सांगतं की माज होऊन गेला. गाय राहिली का उलटली याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पण लोक रक्त बघून लगेच म्हणतात गेली ही वाया आणि लक्ष ठेवायचं सोडून देतात, किंवा घाबरून त्याच दिवशी परत भरवायला बोलावतात. मी सांगतो, रक्त दिसलं की उपयोग करून घ्या. तुम्हाला माज दिसलाच नव्हता आणि रक्त दिसलं, तर माज एक-दोन दिवसांपूर्वी झालाय, तारीख लिहा, तिथनं साधारण १८-१९ दिवसांनी डोळ्यात तेल घालून बघायला लागा. मुका माज असणाऱ्या गायी मी अशाच पकडल्यात.

तसंच भरवल्यावर गायीला बसू न देणं, पाठीवर थंड पाणी ओतणं, "सगळं बाहेर आलं हो" म्हणून घाबरणं, हेबी नको. कांडीत असतं फक्त पाव मिली, ते आम्ही गर्भाशयाच्या मुखाच्या पलीकडं नेऊन सोडतो. नंतर जे बाहेर येतं तो सोट असतो. गायीला सावलीत बांधा, पाणी ठेवा, बसली तर बसू द्या. उन्हातनं लांब चालवत नेणं मात्र टाळा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. त्या दिवसांत भर दुपारी भरवायचंच नाही, पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावर.

कांडी बघा, विचारायला लाजू नका

आता आमच्या बाजूच्या चुका, कारण सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणं बरोबर नाही. गोठवलेलं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला ठेवलेलं असतं. कंटेनरमधला नायट्रोजन संपला की आतलं सगळं मेलं, नंतर परत भरून काही उपयोग नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात एका उन्हाळ्यात माझ्याच कंटेनरची पातळी मी दोन-तीन दिवस लाकडी पट्टी घालून बघितली नाही, नायट्रोजन तळाला गेला होता आणि मी त्याच कांड्या वापरल्या. त्या आठवड्यात भरवलेल्या सगळ्या गायी उलटल्या. लोकांनी गायींना दोष दिला. मला ते अजून सलतं, तेव्हापासनं पट्टी घातल्याशिवाय मी गाडीला किक मारत नाही.

तुमच्या दारात कुणीबी आलं, सरकारी दवाखान्याचे असोत नाहीतर खाजगी, एवढं बघायचा तुम्हाला हक्क आहे. कांड्यांचा आतला डबा कंटेनरच्या गळ्याच्या वर न काढता कांडी चिमट्यानं उचलली का, ३७ अंशाच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवली का, कोरडी पुसली का (आत पाण्याचा थेंब गेला तरी शुक्राणू मरतात), गनवर (वीर्य सोडायच्या लांब नळीवर) नवीन शीथ (प्लॅस्टिकचं आवरण) चढवली का. खिशात किंवा काखेत धरून कांडी वितळवणारे मी बघितलेत. आणि वितळवलेली कांडी दहा-पंधरा मिनिटांत वापरायची असते. शेजारच्या वस्तीवर वितळवून तुमच्याकडं आणलेली नको. यात तुमचं काम एवढंच की बोलावल्यावर गाय बांधून तयार ठेवा, दोन बादल्या स्वच्छ पाणी, साबण आणि थोडं गरम पाणी. गाय रानात आणि डॉक्टर गोठ्यात असं झालं की घाई होते आणि घाईत चुका.

कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. रिकामी कांडी मागून घ्या, नंबर लिहून ठेवा. गायीच्या कानात १२ आकडी पिवळा बिल्ला असेल तर डॉक्टरांना नोंद ऑनलाइन करायला सांगा. नंबर कशाला, तर तीन वर्षांनी तिची कालवड माजावर येईल तेव्हा तिला तिच्याच बापाचं वीर्य भरलं जाऊ नये म्हणून. खिलारवाल्यांनो, गावातला एकच वळू चार-चार वर्षं वापरला तर तो आपल्याच लेकींवर चालतो, शिवाय एका गायीचा गर्भाशयाचा रोग दहा गायींना देतो. वळू कितीबी देखणा असला तरी त्याची आई, त्याची तपासणी आणि त्याचं नातं विचारा. आणि बारक्या देशी कालवडीला दांडग्या एचएफचं वीर्य भरू नका, वासरू अडतं, मग रात्री दोन वाजता ओढाओढी.

मादी वासराच्या कांडीबद्दल सगळे विचारतात. साधारण ९० टक्के कालवडच होते हे खरंय, पण तिच्यात शुक्राणू साध्या कांडीपेक्षा खूप कमी असतात, म्हणून ती निरोगी, वेळेवर माजावर येणाऱ्या कालवडीला किंवा पहिलारू गायीला भरा. आधीच दोनदा उलटलेल्या गायीला भरणं म्हणजे महागाची कांडी वाया घालवणं.

खुराकातली चूक पिशवीत दिसते

आमच्याकडं ऊस, त्यामुळं तोडणीच्या दिवसांत चार-चार महिने नुसती वाढी (उसाचे हिरवे शेंडे). वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. वाढी घालायचीच तर कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत दुसरा चारा द्या. गाय चिंध्या चावतेय, माती चाटतेय, दावं खातेय म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतंय, तिथं माजाचं इंजेक्शन काय करणार? रोज ५० ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण वर्षभर, फक्त व्याल्यावर महिनाभर नाही. कालवड वयावर नाही तर वजनावर भरवा, संकरित असेल तर २५० किलोच्या पुढं गेल्यावर.

वार अडकली की दगड बांधू नका

व्याल्यावर ८ ते १२ तासांत वार (पोटात वासराभोवती असणारं आवरण) पडायला पाहिजे. नाही पडली तर लोक लोंबत्या वारीला दगड बांधतात, जुनी चप्पल बांधतात, काहीजण हात घालून ओढतात. ओढल्यानं आत जखमा होतात, तुकडे राहतात, पिशवीत पू होतो आणि तीच गाय पुढं सहा महिने उलटत बसते. नुसत्या हातानं तर अजिबात नको, ब्रुसेलोसिस (गायीचा गाभ पाडणारा जिवाणूचा रोग) माणसालाबी होतो, ताप आणि सांधेदुखी पुढं लय दिवस पिच्छा सोडत नाही. कालवडी ४ ते ८ महिन्यांच्या असताना ब्रुसेलाची लस एकदाच टोचायची असते. ते वय निघून गेलं की गेलं, त्यामुळं दवाखान्यात आत्ताच नाव देऊन ठेवा.

इंजेक्शनची घाई

दोनदा उलटली तर शांत राहा. वेळ आणि तारीख बरोबर असूनबी तीनदा उलटली तर मात्र चौथी कांडी भरू नका, आधी तपासा. सोट गढूळ आहे, पूचे ठिपके आहेत तर पिशवीचा उपचार आधी. कुठलं औषध लागू पडेल हे सोट लॅबला पाठवूनबी कळतं, दवाखान्यात विचारा. मेडिकलमधनं कुणाच्या तरी सांगण्यावरनं माजाचं इंजेक्शन आणून टोचणं सगळ्यात वाईट. गाय आधीच गाभण असली तर त्या इंजेक्शननं गाभ पडतो. आणि थोड्या गायी गाभण असतानाबी माज दाखवतात! एका गोठ्यावर मला आग्रह केला, "दादा, हंबरतेय ती, भरून टाका." मी हात घातला तर साडेतीन महिन्यांची गाभण. गन आत गेली असती तर गर्भाशयाच्या मुखावरची डट्टी (चिकट बूच) फुटून वासरू गेलं असतं. म्हणून आधी भरवलेल्या गायीत गन घालण्याआधी तपासणी, कितीबी घाई असो.

भरवल्यावर १८ ते २४ दिवस रोज बघायचं, माज आला नाही तरी गाभण धरून चालायचं नाही. ६० ते ९० दिवसांत डॉक्टरांकडनं हात घालून तपासणी करून घ्या. रिकामी निघाली तर दोन महिने तरी वाचले, नाहीतर सातव्या महिन्यात कास का सुटत नाही म्हणून कळतं. गाडी नसेल, दवाखाना लांब असेल तर १९६२ ला फोन लावा, फिरतं पथक आहे.

म्हशीचं थोडक्यात सांगतो, म्हैस गायीएवढी हंबरत नाही, फारशी चढत नाही, सोटबी कमी, आणि माज जास्त करून रात्री नाहीतर पहाटे. बसलेली असताना मागं जमिनीवर सोटाचा डाग दिसतो, सारखी थोडी थोडी लघवी करते, दूध चोरते. उन्हाळ्यात डुंबायला नाहीतर दिवसातनं दोन-तीनदा अंगावर पाणी, आणि टॉर्च घेऊन झोपायच्या आधी एक फेरी.

कॅलेंडर गोठ्यात खिळ्याला अडकवा, दोरीला पेन बांधा. गायीचं नाव, माज किती वाजता दिसला, किती वाजता भरवली, कांडीचा नंबर. आणि त्याच वेळी पुढं मोजून २१ व्या दिवसावर गोल करून ठेवा.