कॅमेरे बसवण्याआधी बिल्डिंगमधल्या वस्तूंची खरी किंमत ठरवा

लातूरला सध्या जिकडं बघाल तिकडं होस्टेलवाले कॅमेरे बसवायलेत, चांगलंच आहे, पण त्याआधी एक वही घ्या आणि बिल्डिंगमधलं काय गेलं तर सगळं ठप्प होईल ते लिहून काढा. किंमत म्हणजे बिलावरची रक्कम नाही बरं का. रिसेप्शनचा टीव्ही महाग असतो पण तो गेला तर एकाही पोरीचं काही अडत नाही, आणि जिन्याखाली बोअरचा स्टार्टर असतो, पेटीला कुलूप नाही, वायर लोंबकळायलेली, तो कुणी जाळला की दोनशे पोरी पाण्यावाचून. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं शहर आहे हे, टाकी अन मोटर इथं वरच्याच नंबरात पाहिजे.

अमेरिकेतल्या फेमाची, म्हणजे तिथल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या सरकारी संस्थेची, पद्धत सोपी आहे, प्रत्येक गोष्टीला महत्त्वाप्रमाणं १ ते १० मार्क द्यायचे, माणसांना माझ्याकडून कायम १०. मग तसेच मार्क धोक्याला, म्हणजे काही वाईट घडायची शक्यता किती, आणि कच्च्या बाजूला, म्हणजे ते घडवणं किती सोपं आहे, याला द्यायचे, तिन्हीचा गुणाकार केला की रिस्क कळते, जिथं आकडा मोठा तिथं आधी पैसा घाला.

मार्क देताना वॉचमन मामा आणि मेसच्या मावशींना सोबत बसवाच, गच्चीची चावी खरंच कुणाकडं असते, मागचं दार रात्री कोण उघडं ठेवतं हे मालकापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. आणि ते रजिस्टर, पोरींची नावं, पत्ते, आईवडलांचे फोन, टेबलावर उघडं पडलेलं, त्याला मी ९ देतो, आजच कपाटात ठेवा.