उठल्यावर अंधारी येते? मग उभ्यानंही बीपी मोजा

अंथरुणातून उठताना किंवा लोकलमध्ये सीट सोडून दाराकडे सरकताना डोळ्यांपुढे अंधारी येते. दवाखान्यात मात्र खुर्चीवर बसवून घेतलेलं बीपी नॉर्मल निघतं. मग 'अशक्तपणा आहे' म्हणून टॉनिक मिळतं. अशा माणसाचं बीपी उभं करून मोजायलाच हवं.

उभं राहताच अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ती मेंदूला खबर देतात आणि काही सेकंदांत ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. जुना मधुमेह किंवा पार्किन्सन असेल, तर हे काम करणाऱ्या नसाच निकामी होऊ शकतात.

मोजायला दंडाचं डिजिटल मशीन घ्या. पट्टा बांधून 5 मिनिटं उताणं पडा, बीपी आणि नाडी लिहून ठेवा. पट्टा तसाच ठेवून उभे राहा; 1 मिनिटानं आणि 3 मिनिटांनी पुन्हा मोजा. हात छातीच्या उंचीवर, कपाटाच्या कप्प्यावर वगैरे टेकलेला हवा. लोंबता राहिला तर आकडा उगाच वाढतो आणि घसरण लपते. शेजारी कुणीतरी हवंच. गरगरलं तर मोजणं सोडून बसा.

वरचा आकडा 20 नी किंवा खालचा 10 नी उतरला, तर वही घेऊन डॉक्टर गाठा. समजा, आडवं असताना 138/82 आणि उभ्यानं 112/74, पण नाडी 72 वरून जेमतेम 76. एवढ्या घसरणीला नाडी धावायला हवी होती. म्हणजे संशय नसांवर. नाडी चांगलीच वाढली, तर आधी अंगातलं पाणी किंवा रक्त कमी झालंय का ते बघतात.

सोबत सगळ्या गोळ्या न्या. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या नेहमीच्या संशयित. मनानं मात्र एकही बंद करू नका.

मीठ-साखरेचं पाणी पाजायची आपल्याकडे भारी घाई. नसांच्या या विकारात झोपल्यावर बीपी उलट चढलेलं असू शकतं, त्यामुळे मीठ डॉक्टरांना विचारूनच. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करा. किडनीचा, हृदयाचा त्रास नसेल तर उठण्याआधी दोन मोठे ग्लास पाणी भराभर प्या. रांगेत अंधारी येतेय असं वाटलं, तर पायाला पायाची अढी घालून मांड्या घट्ट आवळा. तरीही न थांबल्यास सरळ खाली बसा, लोक काय म्हणतील ते म्हणू देत. भरपेट जेवणानंतरही दाब उतरतो, तेव्हा लगेच उठू नका.

मानेला रेडिएशन घेतलं असेल आणि बीपी कधी 200 च्या वर, कधी एकदम खाली जात असेल, तर तो रेडिएशनचा इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगा. शुद्ध हरपली आणि सोबत छातीत दुखणं, धडधड किंवा काळी शी असेल, तर मोजत बसू नका. 108 ला फोन करा.