मुडदुशीची ममी: दमट कोकणात नॅट्रॉनचा प्रयोग

मासा मिठात घातला, त्याला पाणी सुटले आणि तो त्याच पाण्यात मुरला, की खारा बांगडा होतो. ममी करताना नेमके हेच होऊ द्यायचे नसते. सुटलेले पाणी जागच्या जागी शोषले गेले पाहिजे, डब्याच्या तळाशी थेंबभरही रस साचता कामा नये. गंमत म्हणजे हा घोळ जुना आहे. इ.स.पू. ५व्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तमधल्या ममीकरणाचे वर्णन करताना जे क्रियापद वापरले, तेच ग्रीक लोक मासे खारवण्यासाठी वापरत. त्यामुळे प्रेत नॅट्रॉनच्या, म्हणजे सोडा आणि मिठाच्या नैसर्गिक मिश्रणाच्या, पाण्यात बुडवून ठेवत असावेत, असे पुष्कळ काळ मानले गेले. आल्फ्रेड लुकास या रसायनशास्त्रज्ञाने कोंबड्या-कबुतरांवर प्रयोग केले, तेव्हा कोरडे नॅट्रॉनच खरे काम करते हे दिसले. १९९४ मध्ये अमेरिकेत बॉब ब्रायर आणि रोनाल्ड वेड या संशोधकांनी दान मिळालेला मानवी देह कोरड्या नॅट्रॉनमध्ये ३५ दिवस ठेवून ममी केली.

मासा हा प्रयोगासाठी परका विषयही नाही. दक्षिण इजिप्तमधल्या एस्ना या गावी नाईल पर्च माशाच्या ममी मोठ्या संख्येने पुरलेल्या सापडल्या. हा मासा आपल्या जिताड्याचा भाऊबंद आहे. दोघांच्याही शास्त्रीय नावाचा पहिला शब्द लेटस.

पहिल्या प्रयोगाला मात्र जिताडा नको आणि बांगडाही नको. बांगड्यात तेल फार. पाणी निघून गेले तरी तेल मागे राहते, मग खवट वास येतो आणि कातडी पिवळी पडते. १५० ग्रॅमच्या आसपासची, सडपातळ, कमी चरबीची मुडदुशी घ्या. डोळे फुगीर आणि कल्ले लाल असलेली, त्याच सकाळची. बर्फात दोन दिवस पडलेला मासा आतून सुटलेला असतो, त्याला नॅट्रॉनही वाचवत नाही.

खरे नॅट्रॉन कैरोच्या वायव्येला वादी नत्रून या खोलगट भागातल्या तळ्यांच्या काठी मिळे. त्यात धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, मीठ आणि थोडे सोडियम सल्फेट असते. घरी सल्फेट वगळले तरी चालते. एका भरणीला, म्हणजे डबा एकदा भरायला, कोरडा धुण्याचा सोडा ६०० ग्रॅम, खाण्याचा सोडा ६०० ग्रॅम आणि मीठ ३०० ग्रॅम घ्या. माशाच्या दहापट वजन होते, ते कमी करू नका. दोन भरण्यांचे सामान आधीच आणून ठेवा.

बहुतेकांचा प्रयोग बिघडतो तो इथेच. धुण्याच्या सोड्याचे पारदर्शक खडे आणाल, तर त्यांच्या वजनात सुमारे ६३ टक्के पाणीच असते. म्हणजे पाणी शोषायला पाणीच घातल्यासारखे. खडे लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवले की आधी स्वतःच्याच पाण्यात विरघळतात, मग आटून पांढरी पूड उरते. १ किलो खड्यांची जेमतेम ३७० ते ४०० ग्रॅम. सोडा ॲश नावाची कोरडी पूड मिळाली तर ही खटपट वाचते. ॲल्युमिनियमचे भांडे नको, सोडा ते खातो. मिठाचेही तसेच. आगरातल्या जाड मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतले पाणी ओढतात. पावसात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते त्यांच्यामुळे. म्हणून पुडीतले बारीक मीठ घ्या, तेही तव्यावर भाजून गार करून.

दिवस निवडायचे ते डिसेंबर ते फेब्रुवारीचे. जून ते सप्टेंबर या वाटेला जाऊच नका.

हातमोजे घाला, सोडा कातडी सोलवटतो आणि डोळ्यात गेला तर फार झोंबतो. मासा तोलून वजन लिहून ठेवा. खवले राहू द्या. पोट चिरून आतडी, कल्ले आणि सगळी घाण काढा. कण्याच्या आतल्या बाजूला रक्ताची गडद रेघ असते, ती चमच्याने खरवडून टाका. कुजणे बहुधा तिथूनच सुरू होते. इजिप्तमध्ये देहाची पोकळी ताडीने धूत, असे हिरोडोटस सांगतो. आपण माडी वापरायचा मोह टाळावा, तिच्यातली साखर मागे राहते. साध्या पाण्याने धुऊन आतबाहेर कापडाने कोरडे करा.

मग नॅट्रॉन मलमलच्या छोट्या पुरचुंड्यांत बांधून पोटात ठासा, तोंडात आणि कल्ल्यांच्या जागी चमच्याने भरा. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात तळाला ३ सेंटिमीटर थर देऊन मासा ठेवा, बाजूंनी आणि वरून उरलेले ओता. शेपटीचे टोकही दिसता कामा नये, नाहीतर माशी तेवढ्यावर अंडी घालते. झाकण घट्ट लावा. इजिप्तच्या कोरड्या हवेत जे उघड्यावर जमते, ते इथे जमत नाही.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडताच नाकात झोंबणारा अमोनियासारखा वास आला तर घाबरू नका, सोडा माशातले ते वायू मोकळे करतो. सडक्या अंड्याचा वास मात्र वाईट. आत कुठेतरी पोकळी राहिली आहे, मासा फेकून नव्याने सुरुवात करा. चौथ्या दिवशी माशाभोवती नॅट्रॉनची ढेप धरलेली असेल. ती हलक्या हाताने फोडून पहिली भरणी पुरचुंड्यांसकट टाकून द्या, पण माडाच्या आळ्यात किंवा परसातल्या भाजीच्या वाफ्यात नको. दुसरी भरणी लगेच घाला. दहाव्या-बाराव्या दिवशी ती काढून उन्हात वाळवा, गुठळ्या फोडा आणि पुन्हा वापरा.

दिवस मोजून मासा काढू नका, वजन बघून काढा. इजिप्तमध्ये सगळा विधी ७० दिवसांचा आणि त्यातले नॅट्रॉनमधले साधारण ४०. मुडदुशीला तीन ते चार आठवडे पुरतात. वजन मुळाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास आले, तीन दिवस तिथेच थांबले आणि मासा टेबलावर आपटल्यावर लाकडासारखा वाजला, की काढा. पाठीच्या जाड भागावर बोट दाबून खळगा पडला तर तो अजून ओला आहे.

ब्रशने पूड झाडा, पाण्याने धुऊ नका. तीन भाग मेण आणि एक भाग राळ एकत्र करा. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून त्यात वितळवा आणि पातळ हात फिरवा. राळ पटकन पेटते, थेट आचेवर ठेवू नये. मग जुन्या सुती धोतराच्या २ सेंटिमीटर रुंद पट्ट्या शेपटीकडून डोक्याकडे, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर येईल अशा गुंडाळा. इजिप्तमध्ये त्या जवसाच्या धाग्याच्या असत.

हा मासा खायचा नाही, हे घरातल्या मांजरालाही कळेल अशा उंचीवर ठेवा. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळ्यात त्या दर महिन्याला बदला. माशात मुरलेले क्षार हवेतले पाणी उलट ओढून घेतात. पट्ट्यांवर ओलसर पिवळे डाग दिसले तर पट्ट्या सोडा, मासा आठवडाभर ताज्या नॅट्रॉनमध्ये घाला आणि नव्या पट्ट्या बांधा.