शंका चित्रावर घ्या : नागपुरात चित्रकला शिकायला निघालेल्यांसाठी

सीईटीच्या, म्हणजे कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला माझ्याकडे येणारी मुलं सुरुवातीला पेन्सिल कोणती घ्यायची, शेडिंग कसं करायचं असलं विचारतात. मग एखाद्या संध्याकाळी बाकीचे निघून गेले, की त्यातली एखादी मागे रेंगाळते आणि हळूच म्हणते, "मॅडम, मला नाही वाटत माझ्यात काही आहे म्हणून." हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे आणि त्याआधी कॉलेजात असताना स्वतःशीच म्हणत होते. शाळेतल्या इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेला 'ए' ग्रेड मिळवून आलेली मुलंच ते जास्त म्हणतात. शाळेत चांगलं काढणारी ती एकटीच होती, फळ्यावर सुविचाराभोवती नक्षी तिचीच असायची; इथे तर सगळेच तसे. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी याच वृत्तीवर लिहिलं होतं. कर्तबगार बायका स्वतःचं यश नशिबाच्या खात्यावर टाकतात आणि आपलं पितळ आज ना उद्या उघडं पडणार या धास्तीत राहतात, हे त्यांना दिसलं होतं. म्हणजे भीती वाटते यावरून तुम्हाला येतं की येत नाही, ते ठरत नाही.

मागे रेंगाळणाऱ्या मुलांना मी एकच गोष्ट सांगते. 'माझ्यात काही नाही' या वाक्यावर काम करता येत नाही. त्यातून काय दुरुस्त करायचं, कुठली रेघ खोडायची, काहीच कळत नाही. ती शंका स्वतःवरून काढून समोरच्या कागदावर आणायची. काय चुकलं, नेमकं कुठे?

ऑब्जेक्ट ड्रॉइंगमधला तांब्या घ्या. मुलं रडकुंडीला येतात, "येतच नाही मला." मी विचारते, काय येत नाही? बराच वेळ बघितल्यावर उत्तर येतं, "तांब्या पडल्यासारखा वाटतो." आता बोलता येईल. टेबलावर ठेवलेल्या तांब्याचं तोंड आणि बूड दोन्ही लंबगोल दिसतात, पण बूड आपल्या नजरेच्या जास्त खाली असतं, म्हणून बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त भरलेला, गोलाकडे झुकणारा हवा. टेबल सपाट आहे हे डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे नवखा हात बुडाशी सरळ रेघ मारून मोकळा होतो आणि तांब्या कलंडतो. ती एक कड फुगवली की तो टेबलावर बसतो. मुलीच्या अंगात कला आहे की नाही या प्रश्नाला कुणी हातही लावलेला नसतो, आणि तरी तिचा चेहरा बदलतो.

नागपूरचा उन्हाळा या बाबतीत फार फसवतो. एप्रिल-मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास, हवा कोरडी ठक्क. जलरंगाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, कागदाच्या खालच्या कडेपर्यंत पोचेपर्यंत वरचा अर्धा सुकलेला असतो. मग दुसरा फटकारा त्यावर गेला की कड धरते, पट्टे उमटतात. मुलं म्हणतात हात वाईट आहे. हात ठीक आहे, हवा वाईट आहे. कागद आधी दोन्ही अंगांनी भिजवून मग पाटीवर ताणून घ्या, रंग वाटीत भरपूर आणि एकदमच कालवा, ब्रश एक नंबर मोठा घ्या, पाटी थोडी तिरकी ठेवा. कूलर लावलेल्या खोलीत याच्या उलट होतं. हवेत ओल असते, वॉश सुकता सुकत नाही, आणि घाईने वर दुसरा थर दिला की चिखल होतो. मुंबई-पुण्याच्या दमट हवेत केलेले व्हिडिओ बघून इथे तसंच करायला जाणाऱ्याला दर उन्हाळ्यात वाटतं की आपण मठ्ठ आहोत.

कागदाची भीतीही खरीच आहे. तीनशे जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन कागद महाग मिळतो, आणि तो समोर पसरला की हात आखडतो. पूर्ण इम्पीरियल शीट म्हणजे बावीस बाय तीस इंच. त्याचे आठ तुकडे करा. साडेसात बाय अकराचा एक तुकडा हातात आला की जीव थोडा मोकळा होतो. पाठची बाजूही वापरा. सरावाला साधा कार्ट्रिज कागद चालतो, पण फक्त त्यावरच राहू नका. कार्ट्रिजवर पाणी जसं वागतं तसं कॉटनवर वागत नाही, आणि ऐन सबमिशनच्या दिवशी त्याची पहिली ओळख नको.

चित्र बिघडलंय असं वाटतं, पण कुठे ते दिसत नाही, तेव्हा आरशात बघा. सवयीने आंधळा झालेला डोळा उलट्या प्रतिमेत तिरका चेहरा लगेच पकडतो. मोबाइलवर फोटो काढून तो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवला तरी चालतं. त्याच फोटोचा रंग काढून काळा-पांढरा केला की टोन, म्हणजे गडद-फिक्याच्या पायऱ्या, कळतात. सगळं चित्र एकाच करड्या रंगाचं दिसलं, तर रंग कितीही सुंदर असले तरी ते मेलेलं वाटणारच. या दोन गोष्टी करून झाल्याशिवाय स्वतःबद्दल कुठलंही मत बनवायचं नाही, असा माझ्या वर्गात नियम आहे. आणि फाडायचं नाही. फ्रेंच चित्रकार क्लॉद मोनेने १९०८ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, प्रदर्शन तोंडावर असताना स्वतःची कमळतळ्याची किमान पंधरा चित्रं नष्ट केली. प्रदर्शन वर्षभर पुढे गेलं आणि १९०९ मध्ये अठ्ठेचाळीस चित्रांनिशी झालं. शंका नाव मिळाल्यावरही जात नाही, हे त्यातून कळतं. आणि त्याची शंका चित्रांवर होती, ब्रश त्याने खाली ठेवला नाही, हेही. तरी त्याचं फाडणं उचलू नका. रात्री थकलेल्या डोळ्याने दिलेला निकाल सकाळी टिकत नाही. भिंतीकडे तोंड करून ठेवून द्या.

लोकांसमोर काढण्याची भीती वेगळी, ती बसल्या जागी जात नाही. नागपूरकर माणूस मोकळा, स्केचबुक दिसलं की तो येणारच. "काय काढून राह्यली वं बाई?" असं मागून कानाशी आलं की हात थरथरतो. म्हणून सुरुवातीला पाठ भिंतीला किंवा झाडाला लावून बसा, कुणाला मागे उभं राहता येणार नाही अशी जागा बघा. पहिल्यांदा महाराजबागेत जा. तिथली माकडं, हरणं क्षणभर स्थिर राहत नाहीत, त्यामुळे नीट काढण्याची अपेक्षाच गळून पडते. चार रेघांत पाठीचा बाक पकडायचा आणि पान उलटायचं. हात सैल झाला की मग फुटाळा तलावाच्या काठावर, मग स्टेशनासमोर, आणि शेवटी सीताबर्डीच्या गर्दीत. बघायला आलेला माणूस बहुतेक वेळा तुमची परीक्षा घेत नसतो, त्याला त्याची ओळखीची जागा कागदावर उतरताना बघायची असते. बर्डीवरच्या एका फळवाल्या काकांनी मला एकदा सांगितलं होतं, "ते बोर्डाचं खांब थोडं इकडं आहे पोरी." होतंच ते इकडे.

कॉलेजात ज्युरीसमोर, डिस्प्लेच्या वेळी बोलणी बसतात, आणि ती कधी कधी विनाकारण कडक असतात. त्यावर मला एकच उपाय लागू पडला : आपण काय विचारतो ते बदलायचं. 'कसं झालंय?' विचारलं की समोरचा 'छान' म्हणतो किंवा 'नाही जमलं' म्हणतो, दोन्हींनी काही हाती लागत नाही. 'सर, यात नजर आधी कुठे जाते?' 'मागचं झाड पुढे येतंय का?' असं विचारा. कितीही तिरसट माणूस या प्रश्नाचं उत्तर चित्राबद्दलच देतो.

तुलनेचं मात्र काय करायचं? इन्स्टाग्रामवर रोज कुणीतरी रोज एक चित्र टाकत असतं, आणि आपण महिनाभर एकावरच अडलेलो. अशा वेळी चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवा. १९२४ मध्ये याच नागपुरात जन्मलेले, पुढे मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. वर्षाकाठी ते पाच-सहाच चित्रं करत, बाकीचा काळ बघण्यात आणि गप्प बसण्यात. त्यांच्या पश्चात, २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. प्रत्येक हाताची गती निराळी असते आणि ती कुणाच्या वेळापत्रकावरून ठरत नाही. अर्थात याचा आडोसा घेऊन आळस करणारेही मी पाहिलेत. गायतोंडे गप्प बसत तेव्हाही ते काम करत असत.

पोळ्याच्या आधीपासून गणपतीपर्यंत महालातल्या चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, एकदा तरी चक्कर मारा. आत्मविश्वास कसा बांधला जातो ते तिथे उघड्यावर दिसतं. लहान पोरगं माती मळतं, मग घासकाम, मग अंगाचा रंग, मग दागिन्यांची किनार. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती जाणत्या हाताकडेच. त्या पोराला कुणी पहिल्या वर्षी डोळे आखायला बसवत नाही, म्हणून त्याला आपण नालायक आहोत असंही वाटत नाही. आपण मात्र कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला स्वतःकडून डोळ्यांची आखणी मागतो.

घरच्यांचा प्रश्न, "चित्रं काढून पोट भरते का?", हा आत्मशंकेत मोजू नका. तो खरा आर्थिक प्रश्न आहे, त्याला माहितीने उत्तर द्या. बीएफएमध्ये, म्हणजे कलेच्या पदवीत, उपयोजित कलेला गेलात तर डिझाइनची नोकरी मिळते, एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) करून शाळेत कलाशिक्षक होता येतं, शिकवण्या असतात. पेंटिंगचं उत्पन्न अनियमित असतं, हे लपवू नका. एक ठरलेली आवक आणि बाकी चित्रं, अशी घडी बाबांसमोर कागदावर मांडली की ओरडा कमी होतो. माझ्या घरी तरी झाला.

आणि झोप उडाली, खाणं तुटलं, आठवडेच्या आठवडे काहीच करावंसं वाटत नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर ती कलाकाराची भीती नाही. तिथे आरसा आणि काळा-पांढरा फोटो कामाचे नाहीत. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात जा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. दुःखाशिवाय कला नाही म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

शेवटी किमतीबद्दल, कारण तिथे भलेभले गळपटतात. सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कलादालनात ग्रुप शो असला, की कुणीतरी येतं, चित्रासमोर थांबतं आणि विचारतं, "हे कितीचं?" त्या क्षणी सुचलेला आकडा नेहमी कमी असतो. आदल्या दिवशी घरी बसून कागद, रंग, फ्रेम, लागलेले तास आणि आयोजकांचं कमिशन धरून आकडा काढा, एका आकाराच्या चित्रांना एकच भाव ठेवा आणि यादी छापून टेबलावर ठेवा. मग किंमत तुमच्या तोंडून जात नाही, यादीतून जाते. कुणी भाव पाडून मागितलं तर लहान चित्र दाखवा. विकलं गेलं की घेणाऱ्याचं नाव आणि फोन वहीत लिहा, चित्राचा चांगल्या उजेडात काढलेला फोटो जपून ठेवा. पुढच्या एखाद्या प्रदर्शनासाठी तेच चित्र आठ दिवस मागून आणावं लागतं.